भोक दोऱ्याएवढंच: जाड सामान शिवायची आरी निवडताना

इतवारीतल्या लोहा ओळीत जाऊन "आरी द्या" म्हटलं की दुकानदार करवत काढून समोर ठेवतो. नागपूरचं हे असंच आहे. अर्धा बाजार हिंदीत चालतो आणि हिंदीत आरी म्हणजे करवत. मोबाइलवर शोधावं तर ब्लाउजच्या बाह्यांवरचं आरी वर्क दिसायला लागतं. म्हणून आता मी दुकानाच्या पायरीवरूनच सांगते, "भाऊ, चप्पल शिवायची आरी. लाकूड कापायची नाही." तरी एकदा तिथल्या पोऱ्यानं बर्फ फोडायचा टोच्या आणून दिलाच. तोही मी घेऊन आले. त्याचं पुढे सांगते.

महालातल्या एका शाळेत मी २६ वर्षं शारीरिक शिक्षण शिकवलं. गाइडचं पथकही माझ्याकडेच होतं. पी.टी.च्या मॅडमच्या गळ्यातली शिट्टी सगळ्यांना दिसते, पण तिच्या पर्समध्ये सामानाच्या खोलीची किल्ली असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. त्या खोलीत चार तंबू, व्हॉलीबॉलच्या दोन जाळ्या, एक मेडिसिन बॉल, उड्या मारायचा चामड्याचा घोडा, काथ्या भरलेल्या गाद्या आणि पाठीवरच्या पिशव्यांचा ढीग. वर टिनाचं छत. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्या खोलीत काय होत असेल ते विचारू नका. दोरा आधी जायचा, कापड त्याच्या मागून. नवीन घ्यायला पैसे कधीच नसायचे, त्यामुळे शिवणकाम माझ्या गळ्यात पडलं.

निवृत्तीनंतरही ते सुटलं नाही. ऑक्टोबरात कॉलनीतले लोक कूलरची कव्हरं घेऊन येतात. नागपंचमीच्या आधी नागद्वारला जाणाऱ्यांच्या पाठपिशव्या येतात. पचमढीच्या त्या चढ-उतारावर पावसात पट्टा तुटला तर पिशवी डोक्यावर घेऊन चालावं लागतं, हे एकदा गेलेल्याला पक्कं माहीत असतं. आणि हल्ली सगळे एकच विचारतात, "मॅडम, ऑनलाइन ती रिळाची आरी मिळते ना, घेऊ का? कोणती घेऊ?"

सुरुवात चुकीच्या आरीनं

२००३ च्या डिसेंबरात रामटेकला शिबिर होतं. रात्री खिंडसी तलावाकडून वारा सुटला आणि एका तंबूचा कोपरा, जिथे ताणाच्या दोरीची कडी बसवलेली असते तिथेच, उसवला. माझ्याकडे आरी होती. नुकतीच घेतलेली, टोकाला आकडा असलेली, चपला शिवणाऱ्यांकडे असते तशीच. टॉर्चच्या उजेडात दहा-बारा टाके घातले आणि स्वतःवर खूश होऊन झोपले. पहाटे पाहते तर कोपरा पुन्हा सुटलेला. या वेळी शिवण शाबूत होती, कापडच फाटलं होतं. टपालाची तिकिटं भोकांच्या रेघेवरून फाटतात ना, अगदी तसं, माझ्या टाक्यांच्या रेघेवरून.

परत आल्यावर तो तुकडा बडकस चौकाजवळ चपला शिवत बसणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. "मॅडम, हे आरी चामड्याची आहे. कापडाले आकडा लावला तं तो येताना सूत धरून आणते. पाहा ना, किती सूत तोडलं तुमी." मग एका भोकात अडकलेला माझाच दोरा चिमटीत धरून हलवला. तो इकडून तिकडे खुशाल फिरत होता. "भोक दोऱ्याएवढं पायजे. तुमचं भोक एवढं, दोरा एवढासा. मग काहून नाही फाटन?"

तेव्हापासून कुठलीही आरी हातात घेतली की मी एवढंच पाहते. ही किती मोठं भोक पाडणार, आणि त्यात माझा दोरा गच्च बसणार का. मुठीचं लाकूड, पितळेची चकचकीत कॉलर, चामड्याची पिशवी, सोबत फुकट आलेल्या बारा सुया, हे सगळं त्याच्या नंतर.

आऱ्या तीन जातींच्या

पहिली, साधा टोच्या. याला नेढं नाही, आकडाही नाही. तो फक्त भोक पाडतो, शिवायचं दुसऱ्या सुईनं. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. खोगीर शिवणारे असंच शिवतात. या टाक्यात एका बाजूचा दोरा घासून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून राहतो, म्हणून मजबुतीत याला तोड नाही. वेळ मात्र खातो. आमच्या मेडिसिन बॉलची एक फाक शिवायला मला दोन दुपार लागल्या होत्या.

तो बर्फाचा टोच्या मी याच कामाला लावला. होता तसा तो फार जाड होता. कानशीनं टोक निमुळतं केलं, मग बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत केलं, इतकं की नखावरून फिरवला तर कुठे अडकू नये. वीस वर्षं झाली, अजून तोच वापरते. टोच्यावर पैसे घालवायची गरज नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं.

दुसरी आकड्याची आरी. टोकाशी खाच असते. आरी वरून खुपसायची, खालच्या हातानं दोरा खाचेत अडकवायचा, आरी ओढली की दोऱ्याचा फास वर येतो, त्यातून दुसरं टोक ओवायचं. चामड्याच्या चपलेवर सवयीचा हात याने जेवढा भराभर चालतो तेवढा दुसऱ्या कशाने चालत नाही. कच्छमधलं मोची भरत याच आरीच्या घराण्यातलं, आणि ब्लाउजवरचं आरी वर्कही. म्हणजे मोबाइल अगदीच चुकीचं दाखवत नाही. पण तो आकडा जाड विणीच्या कापडातून परत येताना सुताचा एखादा धागा ओढून आणतोच. तंबू, ताडपत्री, पिशवी यांसाठी ही नको. शिवाय एक हात कायम कापडाच्या खाली लागतो, आणि पिशवीच्या तळाशी हात पोचेलच असं नाही.

तिसरी रिळाची आरी, जिच्याबद्दल सगळे विचारतात. हिच्या मुठीत दोऱ्याचं रीळ असतं आणि सुईचं नेढं टोकाजवळ असतं, शिलाई मशीनच्या सुईसारखं. अमेरिकेत १८४६ साली एलायस हाऊ यांनी ज्या शिलाई मशीनचं पेटंट घेतलं, त्याच्या सुईचं नेढं असंच टोकापाशी होतं. ही आरी म्हणजे त्या मशीनचा एकच टाका, हातानं घातलेला. 'स्पीडी स्टिचर' नावाची अमेरिकन आरी १९०९ पासून बनते आहे, आणि आपल्याकडे ऑनलाइन दिसतात त्यातल्या बहुतेक तिच्याच चालीवर काढलेल्या नकला. नक्कल म्हणून नाकं मुरडू नका. त्यातल्या काही चांगल्या निघतात, फक्त पाहून घ्याव्या लागतात.

हिचा टाका मशीनसारखा आहे म्हणजे त्याचा दोषही मशीनचाच आहे. वरचा दोरा एका जागी तुटला की दोन्हीकडचे टाके हळूहळू सैल होत जातात. तरी तंबूला, पाठपिशवीला, कूलरच्या कव्हराला मी हीच घ्या म्हणते. प्रवासात एकच वस्तू न्यावी लागते, दोन सुया सांभाळाव्या लागत नाहीत, आणि पहिल्यांदा शिवणाऱ्याचाही टाका अर्ध्या तासात बसतो. चामड्याचं काम अधूनमधून असेल तर जोडीला टोच्या ठेवा. आकड्याची आरी ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडे राहू द्या.

गोल टोक की शंकरपाळी

आरी बघताना लोक मूठ बघतात. टोक बघा. भिंग असेल तर भिंगातून.

टोक दोन तऱ्हांचं असतं. एक गोल आणि निमुळतं. हे कापत नाही, सुतांना बाजूला सारून वाट काढतं, आणि आरी निघाली की सुतं पुन्हा जवळ येऊन दोऱ्याला आवळतात. विणलेलं जे काही असेल, तंबूचं कॅनव्हास, नायलॉनची पिशवी, नवारीचा पट्टा, त्याला गोलच हवं.

दुसरं कडा असलेलं. समोरून पाहिलं तर शंकरपाळ्यासारखं दिसतं, काहींत तीन कडांचंही असतं. ते कापत जातं. चामड्यात सुतंच नसतात, तिथे बाजूला सारायला काही नाही. गोल टोक तिथे सहज जात नाही आणि गेलं तर चामड्याला फुगवटा येतो. चामड्याला म्हणून शंकरपाळी. शिवताना तिच्या लांब कडा शिवणीच्या रेघेला थोड्या तिरक्या धरायच्या, म्हणजे एका भोकाचं टोक पुढच्या भोकाच्या टोकासमोर येत नाही आणि चीर एका भोकातून दुसऱ्यात पळत नाही.

गंमत अशी की बऱ्याच रिळाच्या आऱ्यांसोबत येणाऱ्या सुयांना कडा असतात, कारण त्या चामड्यासाठी म्हणून विकल्या जातात. घेणारा मात्र तंबू शिवायला घेतो. खोक्यावर काय लिहिलंय ते सोडा, टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून मुठीपासून फिरवा. कडा असेल तर नखावर पांढरी रेघ उमटते. फक्त कडांचीच सुई हाती आली असेल आणि काम कापडाचं असेल, तर त्या कडा पॉलिश पेपरनं मोडता येतात. दहा मिनिटांचं काम आहे.

जोडीला एक वाकडी सुई असली तर बरी. घोड्याच्या बैठकीचं चामडं खालून उघडता येत नव्हतं, तिथे सरळ सुईनं काहीच झालं नसतं. पण पहिल्याच खरेदीत तिच्यामागे लागू नका. दहा कामांतलं एखादं काम तिचं.

जाडी

सुई दोऱ्यापेक्षा जाड असणारच, कारण ती दोऱ्याला आपल्या खाचेत घेऊन आत जाते. काकांचं "भोक दोऱ्याएवढं" म्हणजे शब्दशः तेवढंच असं नाही. दोरा ज्या नेढ्यातून मोकळा सरकेल अशी सगळ्यात बारीक सुई, असा त्याचा अर्थ. हे तपासायची शिंप्यांची जुनी युक्ती आहे. सुई काढून दोऱ्यात ओवा, दोरा दोन्ही हातांनी ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनानं घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकली तर नेढं लहान आहे. आली पण नेढ्यात दोऱ्याच्या बाजूला आणखी एक दोरा मावेल एवढी जागा दिसली, तर दोरा जाड घ्या किंवा सुई बारीक.

शिलाई मशीनच्या सुईवर ११०/१८ असं लिहिलेलं असतं. त्यातले ११० म्हणजे १.१ मिलिमीटर जाडी. दोऱ्याच्या रिळावर टेक्स लिहितात, म्हणजे १००० मीटर दोऱ्याचं वजन किती ग्रॅम. टेक्स ७० चा दोरा ११०/१८ च्या सुईत नीट चालतो, टेक्स १३५ ला १४० ते १६० नंबरची लागते. आरीची सुई याहून बरीच जाड असते, म्हणून तिला मेण लावलेला ०.८ किंवा १ मिलिमीटरचा दोरा शोभतो. मशीनचा बारीक दोरा आरीत घालून लोक मजबूत शिवलं म्हणतात, ते माझ्या रामटेकच्या तंबूसारखंच आहे. उलट, कापडच पातळ असेल, पावसाळी जाकिटाचं वगैरे, तर आरीला हातही लावू नका. ते साध्या सुईचं काम.

अमेरिकन आरीच्या सुया नंबरावर मिळतात. ८ नंबर जाड, ४ नंबर बारीक. दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्या. एकच घ्यायची तर पिशव्या आणि तंबूंसाठी मी ४ घेईन.

दुकानात, नाहीतर पार्सल उघडल्यावर

माझी पहिली रिळाची आरी अडीचशे रुपयांची होती. दिसायला देखणी. नवारीच्या चार थरांत दाबली तेव्हा सुई थरांत जायच्या ऐवजी मागे सरकली आणि तिचा मागचा भाग मुठीच्या टोकातून माझ्या तळव्यात. ज्यानं विकली त्याला फोन केला तर म्हणाला, "जोर जास्त लावला असेल." जोर लावायलाच तर आरी घेतात!

तेव्हापासून सुई कसून आवळून, टोक लाकडावर टेकवून, अंगाचा भार देऊन पाहते. दुकानाचं काउंटर लाकडाचं असेल तर दुकानदाराला विचारून, नाहीतर एखादी फळी मागून. सुई मागे गेली किंवा मुठीत गोल फिरली तर परत. सुई पकडणारा जबडा धातूचा हवा आणि आवळायचा स्क्रू आटे न सोडता शेवटपर्यंत बसायला हवा. प्लॅस्टिकच्या मुठीत धातूचे आटे नुसते दाबून बसवलेले असतात, ते आमच्या टिनाच्या खोलीत एका उन्हाळ्यात सैल झाले. लाकडाची मूठ बरी. तिची मागची बाजू तळव्यात पेरूसारखी बसावी, टोकदार नसावी, कारण पन्नास टाक्यांनंतर कुठे दुखतं ते तिथेच कळतं. माझा पंजा लहान आहे. मोठ्या मुठीची आरी मला चालत नाही, आमच्या यांना चालते. विकत घेताना ज्याचा हात त्यानं जावं.

मग नेढं. नेढ्याच्या आतल्या कडेला धार राहिली असेल तर ती प्रत्येक टाक्याला दोरा थोडा थोडा कापत जाते, आणि शिवण निम्म्यात आली की दोरा तुटतो. साधा सुती दोरा नेढ्यात ओवून वीसेक वेळा मागे-पुढे ओढा. पिसारला तर नेढं खराब. फेकायची गरज नाही, जाड दोऱ्याला पॉलिश पेपरची पूड आणि तेल लावून तोच दोरा नेढ्यातून ओढत राहिलं की कडा मोडते. मी दोन सुया अशा वाचवल्या. तीच पाहणी खाचेची. सुईच्या अंगावरची लांब खाच नेढ्यापर्यंत सलग हवी, म्हणजे सुई आत जाताना दोरा तिच्यात लपतो आणि कापडाशी घासत नाही.

शेवटचं, सुया सुट्या मिळतात का ते विचारा. ही गोष्ट लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि तिच्यावाचूनच अडतं. सुई मोडतेच. ज्या आरीला त्याच कंपनीची सुई मिळत नाही आणि दुसरी बसत नाही, ती पहिली सुई मोडली की पेपरवेट.

दोरा

नायलॉन लवचिक असतो, झटका सहन करतो, पण उन्हानं लवकर मरतो. पॉलिस्टर उन्हात जास्त टिकतो. नागपुरात बाहेर राहणाऱ्या कुठल्याही वस्तूला म्हणून मी पॉलिस्टरच वापरते, मेण लावलेला. मेणामुळे टाका सरकत नाही आणि भोकातून पाणीही कमी झिरपतं. साधा मिळाला तर मधमाशीच्या मेणाच्या वडीवरून दोनदा ओढून घ्या. मधमाशीचं मेण ६२ अंशांच्या पुढे वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. मे महिन्यात गाडीत रीळ विसरलात तर दोरा, मूठ आणि सीट असं सगळं एकच होतं.

सुती कॅनव्हासच्या जुन्या तंबूला मात्र सुती दोऱ्याची बाजू घेणारे लोक आहेत आणि त्यांचं अगदीच चूक नाही. सूत भिजलं की फुगतं आणि भोक बुजवतं. सुती तंबू शिवून झाला की शिवणीवर पाणी मारून सुकू द्यायचा, दोनदा, तेही याचसाठी. पण सूत कुजतं. आमच्या दमट पावसाळ्यात आणि कोंदट खोलीत तर नक्कीच. मी कापडाच्या फुगण्यावर भरवसा ठेवते आणि दोरा पॉलिस्टरचा घेते.

टाका बसवताना

आरी घेतली की आधी जुन्या जीन्सच्या चार थरांवर बसवून पाहा. रिळातून दोरा बाहेर काढा, सुईच्या लांब खाचेतून आणून नेढ्यात ओवा. पहिल्या जागी सुई आरपार घाला, पलीकडून दोऱ्याचं टोक धरून बाहेर ओढा. किती? शिवण जेवढी लांब तेवढा, वर एक वीत. थर जाड असतील तर सरळ दीडपट धरा, कारण प्रत्येक टाका जाडीतही उतरतो. मी एकदा काटकसर केली आणि व्हॉलीबॉलच्या जाळीची वरची पट्टी शेवटच्या वीतभरावर दोरा संपल्यानं उसवून पुन्हा शिवली. आता सुई मागे घ्या, ते टोक पलीकडेच राहू द्या.

पुढच्या जागी सुई पूर्ण आत घाला आणि अर्धा सेंटिमीटर मागे घ्या. एवढ्यानंच नेढ्याजवळ दोऱ्याचा छोटा फास उघडतो. पलीकडचं टोक त्या फासातून पूर्ण ओवा, दर वेळी एकाच दिशेनं. सुई बाहेर काढा आणि दोन्ही बाजू सारख्या ओढा, दोऱ्यांची गुंफण कापडाच्या जाडीच्या मध्यात लपेपर्यंत. पलीकडचा दोरा तारेसारखा सरळ पडून त्यावर वरच्या दोऱ्याचे ठिपके दिसत असतील, तर पलीकडून जास्त ओढताय. खरं शिकायचं ते हे ओढणंच. पहिल्या वीस टाक्यांत ते जमणार नाही, जीन्स त्यासाठीच आहे.

दोन टाक्यांत ४ ते ५ मिलिमीटर. जवळजवळ टाके घातले की मजबूत होतं असं वाटतं, आणि टपालाचं तिकीट तयार होतं. जुन्या कापडात तर टाके सगळे एकाच सुतावर येऊ देऊ नका, जरा वर-खाली घाला. पिशवीचा पट्टा उसवला असेल तर कंपनीची जुनी भोकं धड आहेत का पाहा आणि त्यांतूनच शिवा, नवी भोकं पाडून नवारीला आणखी चाळण कशाला करायची. शेवटी तीन-चार टाके उलटे येऊन दोन्ही टोकं एकाच बाजूला आणा, गाठ मारा, पॉलिस्टर असेल तर टोक लायटरनं वितळवून दाबा. सुती दोऱ्यावर हा प्रयोग करू नका, पेटतो.

कापडाखाली हात नको. जुन्या रबरी चपलेचा तळवा ठेवा, सुई त्यात खुपसते आणि टोकही बोथट होत नाही. माझ्या डाव्या तर्जनीवर एक पांढरा ठिपका आहे, तो हे शिकण्याआधीचा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला रात्री जावं लागलं होतं.

प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला, निळी-पिवळी मिळते ती, शिवण्याचा मोह टाळा. तिच्यात प्रत्येक भोक म्हणजे चिरेची सुरुवात. शिवायचीच असेल तर काठ तीनदा दुमडून आत नवारीची पट्टी घाला आणि टाके मोठे ठेवा. कूलरच्या कव्हरांना मी तेच करते.

आणि काही वस्तू मी शिवत नाही, कोणी कितीही गळ घातली तरी. कड्यावर चढायचा कमरपट्टा, त्याचे नवारीचे फास, गाडीचा सीटबेल्ट, ज्यावर मूल लटकणार असा कुठलाही दोर. एका वर्षी गाइडच्या मुलींनी दोरांचा पूल बांधला होता आणि एका दोराची कडी उसवलेली निघाली. मुली म्हणाल्या, मॅडम, तुमची आरी आहे ना. मी तो दोर तिथेच कोयत्यानं दोन तुकडे करून टाकला, म्हणजे पुढच्या वर्षी कोणाला शिवायची बुद्धी होऊ नये.

या पावसाळ्यात भाचा नागद्वारला जातोय. त्याला दिलेल्या डब्यात काय आहे ते सांगते: लाकडी मुठीची रिळाची आरी, तिच्या टोकाला बाटलीचं बूच, ४ नंबरची एक जास्तीची सुई तेलकट कापडात गुंडाळलेली, नाहीतर त्या पावसात गंज चढतो, वीतभर नवार, आणि संपलेल्या पेनावर गुंडाळलेला तीन-चार मीटर पॉलिस्टरचा दोरा. मुठीतलं रीळही भरून दिलंय. बर्फाचा टोच्या मागत होता, तो नाही दिला.